निळ्या रेघांचा सदरा

आमच्या घरात पत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी कधीच नीट करत नसे, हे आधीच कबूल केलेलं बरं. बाबा मुंबईला एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामावर होते. महिन्याला त्यांचं एक अंतर्देशीय पत्र यायचं. पोस्टमन ते आबाकाकांच्या दुकानावर टाकायचा. आबाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आचऱ्याच्या तिठ्यावर त्यांचं किराणाचं दुकान होतं. दुपारी जेवायला येताना ते पत्र टोपीत ठेवून आणायचे. जेवणं झाली की आये भांडी तशीच टाकून पडवीत येऊन बसायची आणि म्हणायची, "वाच गो." तिला अक्षरओळख नव्हती. बाबा बोलताना आमच्यासारखंच मालवणी बोलत, पण हातात पेन आलं की छापखान्यातले साहेब व्हायचे: 'आपले पत्र पावले, मजकूर समजला.' आये चिडायची. "घरात कोण आपलो आणि कोण परको? सरळ सांग काय म्हणतत ते." म्हणून मी मनात शुद्ध वाचायचे, तोंडाने मालवणी सांगायचे, आणि जे आयेला रुचणार नाही ते मधल्या मधे गिळून टाकायचे. बाबांनी कोणाला उसने दिले, तब्येत बरी नव्हती, खाणावळीतलं जेवण बंद केलंय, असं काहीही आलं की गाळायचं. ते सांगितलं की संध्याकाळपर्यंत भांडी आपटणार, आणि रात्रीच्या कुळथाच्या पिठीत मीठ जास्त पडणार. घरात शांतता राहावी एवढाच हेतू होता. पंधरा वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठा हेतू असतो कुठे?

वाचून झालं की पत्र तारेत ओवायचं. पडवीच्या खांबाला एक वाकवलेली तार टांगलेली होती. तिच्यात बाबांची सगळी पत्रं, प्रत्येकाच्या मधोमध भोक. वारा सुटला की ती फडफडायची. समुद्राची गाज, देवळातली सांजेची नौबत आणि तारेतल्या पत्रांची फडफड हे आमच्या घरातले आवाज. शिवाय एसटी. आमचं घर रस्त्याला लागून. दुपारी चारला मुंबईहून येणारी गाडी वळणावर हॉर्न द्यायची आणि थांब्यावर उभी राहिली की इंजिन बंद न करता घरघरत राहायची. गणपतीला आणि शिमग्याला त्या घरघरीतून बाबा उतरायचे. इतर वेळी ती नुसती एसटी असायची.

आता सदऱ्याचं सांगायला हवं. आयेने एका वर्षी आमसुलं विकून बाबांसाठी निळ्या रेघांचं कापड घेतलं आणि गावातल्या शिंप्याकडून सदरा शिवून घेतला. पुढच्या शिमग्याला बाबा तोच घालून आले तर वरून दुसरं बटण तुटलेलं. पांढरा दोरा संपला होता, म्हणून आयेने हिरव्या दोऱ्याने बटण लावलं, आणि तेही असं घट्ट की दोऱ्याचा एक गोळाच झाला. बाबा आरशात बघून म्हणाले, "माझ्या छातीर पोपट बसयलंस मगो." आये म्हणाली, "मुंबयक कोण बघता तुमच्या छातीकडे?" काका जेवता जेवता इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या घरातलं शेवटचं मोठं हसणं ते. अर्थात तेव्हा हे कळलं नव्हतं. कळलं असतं तरी काय केलं असतं म्हणा.

त्यानंतर काही महिन्यांनी एक पत्र आलं. त्यातली ओळ मला पाठ आहे. 'निळ्या रेघांचा सदरा मिठबावच्या दत्तारामास दिला आहे. त्यास नव्या जागी कामावर हजर व्हावयाचे होते व अंगात धड सदरा नव्हता. मी परत मागणार नाही. सौ.स समजावून सांगावे, पुढील खेपेस नवा शिवू.' मी पत्र वाचत होते, आये सुपात तांदूळ निवडत होती. मी मनात म्हटलं, मेले आता! आमसुलांचा सदरा, स्वतः लावलेलं बटण, आणि बाबांनी तो वाटून टाकला! मी ती ओळ गिळली आणि पुढे गेले: "तब्येत बरी आसा, शिमग्याक येतंय म्हणतत." आये म्हणाली, "सदऱ्याचा कायच नाय लिवल्यानी?" मी म्हटलं, "नाय." पत्र तारेत ओवलं आणि अंगणात गेले.

हा दत्ताराम कोण, तर बाबांच्या खोलीतला. मुंबईतली ती खोली आचरा आणि मिठबाव या दोन गावांतल्या माणसांनी मिळून घेतलेली. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच चटईवर आडवे व्हायचे. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी, तिच्यावर सगळ्यांचे कपडे. मी ती खोली कधी पाहिली नाही. बाबांच्या तोंडून ऐकून ती मला आमच्या गोठ्याएवढी माहीत होती.

मग मुंबईत दंगल झाली. कोणी कोणाला का मारलं ते मी इथे लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. आमच्यापर्यंत दंगल आली ती काकांच्या दुकानातल्या रेडिओवरून, आकड्यातून. आज इतके मेले. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी कालचा आकडा बदलला. काका आकडा ऐकून घरी यायचे, सांगायचे, आणि आम्ही पेज जेवायचो. सुका बांगडा भाजायचो, पेजेबरोबर खायचो. मला आठवतंय, मला भूक लागायची. आकडा वाढला की भूक मेली वगैरे काही नाही. त्या आकड्यात बाबा असतील असं मनात येऊन जायचं आणि ते तिथेच नुसतं बसून राहायचं. रडू येत नसे.

खोलीतली माणसं एकेक करून परत येऊ लागली. चारच्या एसटीचा हॉर्न झाला की आये हातातलं टाकून उठायची. एकदा चुलीवर माशांचं तिकलं उकळत होतं, ते करपून कोळसा झालं. गाडीतून कोणीतरी उतरायचं, दाढी वाढलेलं, हातात नुसती पिशवी. आये विचारायची, "आमचे ह्ये?" आणि तो माणूस जमिनीकडे बघून सांगायचा, "मागसून येतत." सगळ्यांत शेवटी पांडू आला, आमच्याच वाडीतला. तो पडवीत बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "वयनी, त्या दिवशी सकाळी दत्ताराम पयलो भायर पडलो, कामार जातंय म्हणान. मागसून वासूदादा गेलो, छापखानो बघून येतंय म्हणालो. दोघवय परत इले नाय." वासूदादा म्हणजे आमचे बाबा. आयेने विचारलं, "अंगात काय होता?" पांडूने कपाळाला हात लावला. "वयनी, तेवा कोण कोणाच्या अंगातला बघता?" दुसऱ्या दिवशीही चारला आये उठली. तिसऱ्या दिवशीही. महिना असा गेला. मला त्या हॉर्नची धास्ती वाटायला लागली. बाबा येणार नाहीत याची नव्हे, आये उठेल याची. खरं ते सांगते.

आबाकाका मुंबईला गेले. तीन आठवडे इस्पितळं आणि पोलीस चौक्या फिरून आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. बेवारस प्रेतांचे फोटो एका वहीत चिकटवून ठेवले होते आणि लोक रांगेने येऊन ती वही बघत होते. एका फोटोत त्यांना निळ्या रेघांचा सदरा दिसला, छातीवर हिरवा दोरा. प्रेत कधीच जाळून टाकलं होतं. "तोंड?" आयेने विचारलं. काका म्हणाले, "तोंडाचा इचारू नको." पोलिसांनी त्यांना सांगितलं होतं की बायकोचा जबाब लागेल, फोटो मालवणच्या कचेरीत पाठवतो, तिथे ओळख पटवा. म्हणजे त्यांचं नाव मेलेल्यांच्या यादीत जाईल आणि सरकार जे देणार आहे ते घरी येईल.

त्या दुपारी घरात कोणी नसताना मी तारेतून ते पत्र काढलं. पुन्हा वाचलं. दिला आहे. परत मागणार नाही. पत्राची घडी घातली आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. मी स्वतःला सांगितलं, दिला म्हणून काय झालं? एका दोरीवर सगळ्यांचे कपडे. त्या दिवशी घाईत बाबांनी हाताला लागला तो ओढला असेल. असेल की! नसेल कशावरून?

मालवणला आम्ही तिघं गेलो. आयेने पहाटे उठून आंबोळ्या केल्या, कपड्यात बांधल्या. तिथे कोण खाणार होतं कोण जाणे, पण बाहेर पडायचं तर शिदोरी हवी. काका बाहेर बाकावर बसले आणि आम्ही दोघी आत. कारकून भला माणूस होता. त्याच्या टेबलावर फायली आणि चहाचा रिकामा कप, आणि तो रात्रभर झोपला नसावा असे त्याचे डोळे. त्याने फोटो काढून आयेसमोर ठेवला, पण वरचा भाग कागदाने झाकून. त्याचे हे उपकार मी विसरलेले नाही. खाली छाती दिसत होती, बाजूला पाटीवर खडूने लिहिलेला नंबर. आयेने बोट बटणावर ठेवलं.

"ह्यां मी लायलंय. हिरव्या दोऱ्यान. सदरो आमचो."

"बाई, सदरा तुमच्या यजमानांचा, हे लिहितो मी," कारकून म्हणाला. "पण प्रेत यजमानांचंच आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"सदरो आमचो," आये पुन्हा म्हणाली. "तोंड तुमी झाकल्यात. तोंड बघल्याबिगर मी माणूस कसो सांगू?"

कारकुनाने कागद किंचित वर उचलला आणि लगेच खाली ठेवला. "नका बघू. त्यात बघण्यासारखं काही नाही." मग तो हळू बोलायला लागला, जसं लहान मुलाला समजावतात. ओळख पटली तर मयत. नाही पटली तर बेपत्ता. बेपत्त्यांचं वरून अजून काहीच ठरलेलं नाही. मयतांची यादी आज दुपारच्या टपालाने जाणार. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही, बाई. पण सदऱ्याचं नाव यादीत घालता येत नाही. माणसाचं घालावं लागतं." तेवढ्यात आतून साहेबांनी हाक मारली. तो उठला, कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "मुली, शाळेत जातेस ना? आई सांगते ते स्वच्छ अक्षरात लिही. मी आलोच."

आयेने माझ्याकडे बघितलं. "काय सांगू गो? तुका काय वाटता?"

पुस्तक घरी होतं, पत्र त्यात होतं. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, आये, तो सदरा बाबांनी दत्तारामाला दिला. मला लाज वाटत होती की मी ती ओळ लपवली हे तिला कळेल. हे एवढंसं कारण. दुसरं कारण एसटीचं. ती रोज चारला उठते हे मला थांबवायचं होतं. पैशाचा विचार मी केला नव्हता. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही, उलट पैशासाठी केलं असतं तर निदान समजण्यासारखं तरी झालं असतं. मी म्हटलं, "तू सदऱ्याचा सांगलंस मां? बाकीचा मी लिवतंय." आणि बाबांच्याच त्या शुद्ध मराठीत मी लिहिलं: 'सोबतच्या छायाचित्रातील मृतदेह माझे पती यांचाच असल्याबद्दल माझी पूर्ण खात्री पटली आहे.' अक्षर सुरेख आलं.

कारकुनाने परत येऊन ते मोठ्याने वाचलं. खात्री पटली आहे, हे शब्द ऐकले तेव्हा आयेने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. शिकलेल्या मुलीने लिहिलंय म्हणजे तिला काहीतरी माहीत असणार, फोटोत तिला काहीतरी दिसलं असणार, असा तो चेहरा. तिने अंगठा पुढे केला. बाहेर आल्यावर आवारातल्या नळावर ती अंगठ्याची शाई धुवायला लागली. शाई निघेना. मग त्याच ओल्या हाताने तिने कपाळ पुसलं. काका बाकावरून उठले आणि पुन्हा बसले. परतीच्या गाडीत आम्ही आंबोळ्या खाल्ल्या.

अस्थी नव्हत्या, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा केला आणि तो जाळला. दहाव्याला पिंड ठेवला. आमच्याकडे कावळा पिंडाला शिवला नाही तर माणसं ऊन डोक्यावर येईपर्यंत हात जोडून उभी राहतात, मेलेल्याची काय इच्छा राहिली ते विचारतात, मुलांना सांभाळू, बायकोला बघू, अशी वचनं देतात. मी मनाशी ठरवलं होतं, कावळा शिवणार नाही, आणि मग मी सांगून टाकेन. त्याने न शिवून सांगितलं की मी तोंडाने सांगेन. पिंड ठेवून भटजी चार पावलं मागे सरले नाहीत तोच माडावरून कावळा उतरला आणि अख्खा पिंड विस्कटून गेला. सगळ्यांनी नमस्कार केला. आये माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "बघ. तूच खरा लिवलंस." कावळ्याला काय, भूक. पण मी गप्प बसले ती बसलेच. पुढे चेक आला. त्यातून घरावर नवी कौलं घातली आणि मला शिकवलं. मी शिक्षिका झाले, जामसंड्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. निबंधात मुलांना सांगायचे, अनुभव खरा लिहा. त्या वेळी मला कधी काही वाटलं नाही. हे वाचून कोणाला राग आला तर तो योग्यच आहे.

पण सांगता सांगता मी पुढे गेले. चेकच्या त्याच वर्षी, आंब्याच्या दिवसांत, एक बाई आमच्या अंगणात आली. डोक्यावर टोपली, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. टोपली उतरवून म्हणाली, "मी मिठबावची शेवंती. दत्तारामाची बायल." कानात गाज मोठी झाली. आयेने तिला पाणी दिलं. दोघी एकमेकींच्या कपाळाकडे बघत होत्या. शेवंतीकाकी म्हणाली, "वयनी, देवगडच्या कचेरीत माझो अर्ज तीनदा परत इलो. तुमचो मंजूर झालो. लोक म्हणतत तुमच्या चेडवाच्या हाताक यश आसा. माकाय लिवन देत काय?" आये माझ्याकडे वळली. "लिव गो तिका. तिचो घोव आणि तुझे बाबा एकाच चटयर निजत."

मी कागद आणला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्येच तिने विचारलं, "ती फोटोंची वही मिठबावच्या मानसांनी मुंबयक जावन बघली. तेंच्या आधी एक फोटो काढून टाकलेलो, ओळख पटली म्हणान. तो तुमचो?" मी मान हलवली. "म्हणजे मेलेल्यांत आमचे ह्ये नाय," ती म्हणाली आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी खाली बघितलं. "सरकारच म्हणता, यादीत नाव नाय. मगे जिते आसतले ना गो?" जाताना तिने चार सुके बांगडे ठेवले. आयेने ते संध्याकाळी भाजले, मी खाल्ले.

तो अर्ज परत आला. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, मी पुन्हा लिहिलं. माझं लग्न झालं, मी जामसंड्याला आले, तिला पत्ता कळला आणि ती तिकडे यायला लागली. एकदा मी तिला समजावलं की बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की कायद्याने तो माणूस मेला असं धरता येतं, कोर्टातून तसा कागद मिळतो, मग काहीतरी हाती लागेल. मी सगळं लिहून तयारच ठेवलं होतं. तिने विचारलं, "ह्येच्यात काय लिवलंस?" मी सांगितलं. ती उठली. "मेले म्हणान मी अंगठो देवचंय नाय. तुमी ओळखलास, तुमचे गेले. माजे कोणी ओळखूक नाय." त्यानंतर ती अर्जासाठी आली नाही. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालताना मात्र मिठबावच्या बायकांनी तिला दरवर्षी बघितलं. माझ्या एका वाक्याने माझी आई विधवा झाली हे मी कसंबसं पचवलं होतं. त्याच वाक्याने दुसरी बाई सवाशीण राहिली, हे पचायला मला जन्म पुरला नाही.

गेल्या वर्षी आये गेली. शेवटपर्यंत तिला पत्र वाचून दाखवायची सवय गेली नव्हती. तारेतली पत्रं उतरवून म्हणायची, "वाच गो," आणि मी तीच ती पत्रं वाचायचे, जे पूर्वी गाळायचे तेसुद्धा, खाणावळीचं, उसने दिल्याचं. ती हसायची. "ह्यां माका तेवा सांगूक नाय तूं." ते एक पत्र मात्र तारेत नव्हतं. तिच्या बाराव्यानंतर मी ट्रंकेतून भूगोलाचं पुस्तक काढलं. आता कोणाला लाज वाटायची होती, आणि कोणासमोर? जामसंड्याहून मिठबाव काही लांब नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी तिथे केव्हाही जाऊ शकत होते, हेही लिहून ठेवते.

शेवंतीकाकी पुतण्याच्या घराच्या मागच्या खळ्यात बसून बांगडे साफ करत होती. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांत फुलं पडलेली. कुंकू तसंच, थोडं वाकडं. मी बाजूला जमिनीवर बसले. प्रस्तावना केली नाही. मास्तरणीची सवय, सुरुवात करायला कठीण गेलं की थेट वाचायला लागायचं. मी पत्र उघडलं आणि ती ओळ वाचली. मग मालवणीत सांगितली. यावेळी काहीच गाळलं नाही.

सुरी थांबली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे त्या फोटोत आमचे ह्ये."

"व्हय काकी. तो सदरो तेंच्या अंगात होतो. माका म्हायत होता. मी सांगूक नाय." यानंतर मी जे काही बोलले ते आता आठवत नाही, माफी वगैरे मागितली असणार. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. बांगड्यावर माशी बसली, ती तिने कोपराने उडवली.

"सदरो बरो होतो काय गो?" तिने विचारलं.

"बरो होतो. निळ्यो रेघो. एक बटण हिरव्या दोऱ्याचा."

"नव्या कामार बरो सदरो घालून गेले मगे," ती म्हणाली. माझी अपेक्षा होती ती शिव्या देईल. माझ्या मनात तयारी होती, त्या मी घेणार होते. ती चिडली नाही, रडली नाही, कपाळालाही हात लावला नाही. मग पांढुरक्या डोळ्यांनी माझ्या दिशेने बघत तिने विचारलं,

"मगे तुझो बापूस खंय आसा?"

इतकी वर्षं मी दत्तारामाचा विचार केला होता, हिचा, आयेचा, त्या कारकुनाचासुद्धा. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. बाबांना कोणी शोधलंच नव्हतं. यादीत त्यांचं नाव होतं, त्यामुळे वहीतली उरलेली पानं काकांनी पुन्हा पाहिली नाहीत, कोणत्या इस्पितळात पुन्हा विचारलं नाही, कोणत्या वेड्यांच्या दवाखान्यात, कोणत्या स्टेशनवर कोणी गेलं नाही. रेडिओवरच्या कुठल्याच आकड्यात ते नाहीत. ते मेले असतील तर मोजलेले नाहीत. आणि मेले नसतील, तर आम्ही त्यांना येऊ दिलं नाही.

"सांग मां गो," शेवंतीकाकी म्हणाली.

वरच्या रस्त्यावर वळणाला हॉर्न झाला. थांब्यावर गाडी उभी राहिली, इंजिन बंद न करता घरघरत राहिली. मी उठून उभी राहिले.